डावा आरसा

डिचोली, १९ ऑक्टोबर १९८६

जयराम,

तुला गोकुळदासचा नमस्कार. हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर आलं नाही, तरी लिहितो. आरोंद्याचा पोस्टमन बदलला असेल, नाहीतर तू बदलला असशील.

दसऱ्याला गाड्या धुतल्या, झेंडू बांधले आणि खाण सुरू झाली. यंदा पावसाने रस्त्याची पार चाळण केली आहे. खाणीवरून माती भरून नदीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत पाऊण तास जातो, आणि खाली बार्जवाले वर तोंड करून शिव्या देत बसलेले असतात. हे सगळं तुला पाठच आहे. नवीन एवढंच, की पात्रांवने आणखी तीन टिपर घेतले, मोठा मालक झाला, आणि साठीच्या पुढचा ड्रायव्हर त्याच्याकडे मी एकटा उरलो. कंपनीने तुला-मला अठ्ठावन्नाव्या वर्षी हार घालून घरी पाठवलं, तेव्हा हाच पात्रांव दारात आला होता. म्हातारे पीत नाहीत, गाडी पळवत नाहीत, मला म्हातारेच हवेत, म्हणाला होता. आता तसं म्हणत नाही. परवा विचारलं, "गोकुळदासबाब, वय किती झालं?" मी म्हटलं, "गाडीचं की माझं?" तो हसला. मला चौसष्ट झाली हे त्याला ठाऊक आहे.

पद्मावती म्हणते, आता पुरे करा. पण पालयेला घरी दोन दिवस राहिलो की तिसऱ्या दिवशी तीच विचारते, कधी निघणार? माडांना पाणी घालून संपतं, मग मी ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे गिअर मोजतो. तेहतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

आपल्या इथल्या खोलीत आता मी एकटा. अजून हाताने भात दोघांचाच पडतो. सकाळी त्याची पेज करतो.

तू गेलास त्याला दीड वर्ष झालं. पात्रांवने सगळ्या ड्रायव्हरांसमोर तुला अंगणात उभं करून समोरच्या गाड्यांचे नंबर वाचायला लावले, ते मला मुळीच आवडलं नव्हतं. मी तोंड फिरवून उभा होतो. तुझी नजर अधू झाल्याचं त्याच्या कानावर कोणी घातलं, ते अजून कळलं नाही. आपल्यात बोलभांड लोक काय कमी आहेत?

तुझी जुनी गाडी गौरेशकडे दिली आहे. साखळी गावचा पोरगेलासा ड्रायव्हर आहे, लग्न झालेला. गाडीला जपतो. तुला ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

उत्तर दे.

गोकुळदास


डिचोली, २३ डिसेंबर १९८६

जयराम,

चार दिवस गाड्या बंद आहेत. भाषेवरून रस्ते अडवले आहेत, तुमच्याकडे पेपरात आलंच असेल. पहिल्या दिवशी मी भरल्या गाडीसकट रस्त्यात अडकलो. पुढे झाड आडवं, मागे वीस टिपर. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत केबिनमध्ये बसून होतो. एक जण फूटबोर्डवर चढून विचारतो, "तू मराठीचा की कोंकणीचा?" मी म्हटलं, "बाबा, मागे दहा टन माती आहे. ती कुठल्या भाषेतली आहे ते तू वाचून सांग, मग मी बोलतो." उतरून गेला. मला मात्र नंतर हसू आलं नाही. तुझ्याशी मी सत्तावीस वर्षं कोंकणीत भांडलो आणि पत्र लिहायला बसलो की हात आपोआप मराठीकडे वळतो. पालयेच्या शाळेत मास्तरांनी वळवला तो वळवला. यात कुणाची बाजू घ्यायची ते मला तरी कळत नाही.

गेल्या आठवड्यात गाडी पुलाच्या कठड्याला थोडी घासली. रस्ताच वाईट. पात्रांवने वाकून पत्रा बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

एक गोष्ट सहज विचारतो. तुझी नजर जायला लागली तेव्हा सुरुवातीला काय व्हायचं? समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसायचं का? की धुरकट? आणि ऊन तोंडावर असलं म्हणजे जास्त, की सावलीतून उन्हात येताना? इथे एका ड्रायव्हरला तसं होतं, तो विचारत होता.

काही औषध घेतलं असलंस तर तेही कळव.

गोकुळदास


डिचोली, ८ फेब्रुवारी १९८७

जयराम,

भाषेचा कायदा झाला, गाड्या पूर्वीसारख्या चालू झाल्या. फटाके फुटले, काही जण तोंड पाडून बसले. पण इथे सध्या वेगळीच गोष्ट चालली आहे.

तीस जानेवारीला सकाळी देवळाकडच्या वळणावर गौरेशच्या गाडीने एका बाईला धक्का दिला. तारा म्हणून आहे, दोडामार्गाकडची, नवरा-बायको दोघंही आपल्याच खाणीवर कामाला. साडेसातची वेळ, ऊन समोरून, आणि पुढच्या गाड्यांनी उडवलेली धूळ. तुला माहीत आहे, तिथे रस्ता लाल, झाडं लाल, माणसंही लाल. बाईचं लुगडंही तांबडंच होतं. दिसणार कुठून? ती कडेने चालली होती, हातात जेवणाचा डबा. डाव्या आरशाचा दणका तिच्या दंडावर बसला. टक्कन आवाज झाला आणि आरसा आत वळला. एवढंच. चाकाखाली गेली नाही, देवाची कृपा. पण हात कोपरात मोडला.

गौरेशने गाडी थांबवली, तिला उचलून केबिनमध्ये घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. तिथे माणसं जमली. गाडी बघितली, बाई बघितली, आणि त्यालाच धरून मारलं. ओठ फुटला, बरगडीला लागलं. पोलिसांनी गाडी नेली, लायसन काढून घेतलं. तो सांगतो, माझ्या पुढच्या गाडीने उडवली, मी फक्त उचलली. कोण ऐकतो? रोज पात्रांवच्या अंगणात येऊन बसतो. मला बघितलं की उठून उभा राहतो, कारण मी वयाने मोठा.

त्याच्या पुढे कुठली गाडी होती असं पोलिसांनी विचारलं. धुळीत कुणाला दिसलं नाही. पुढे तशा चार-पाच गाड्या होत्या.

मला झोप लागत नाही. वयाने असं होतं म्हणतात.

गोकुळदास


आरोंदा, २२ फेब्रुवारी १९८७

गोकुळदासकाकांस,

शालिनीचा नमस्कार. तुम्ही मला फ्रॉकमध्ये बघितलेलं, आता मी इथल्या शाळेत शिकवते. बाबांच्या नावाची तुमची सगळी पत्रं पोचली. मीच वाचून दाखवते. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून लिहिते, बाबांना गेल्या पावसापासून काहीच दिसत नाही. उजेड-काळोख एवढंच कळतं. काचबिंदू होता. बांद्याचे डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात.

आधीची पत्रं ऐकून ते नुसते "हं" म्हणायचे आणि उठून माडाखाली जायचे. उत्तर लिहू का विचारलं तर "नको" म्हणायचे. या वेळी तसं झालं नाही. तीस तारखेचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "आरशाचा परत वाच." मी वाचलं. तेव्हा म्हणाले, "माझ्या गाडयेक डावो आरसो खय आसा?"

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, त्या गाडीचा डावा आरसा पाच वर्षांपूर्वी फांदीला लागून तुटला, आणि पात्रांवने तो कधी घातलाच नाही. मी म्हटलं, नंतर बसवला असेल. बाबा म्हणाले, "तो बसवचो नाय."

काका, मग म्हणाले, "गाडी गोकुळदासाची."

मी हे लिहू नये असं मला वाटत होतं. पण त्यांनी शेजारी बसून शब्द न् शब्द लिहून घेतला, आणि पुढचाही. पुढचा असा: पात्रांवला कोणी सांगितलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं, कारण मी ते एकालाच सांगितलं होतं. तू सांगितलंस ते बरोबर केलंस. मी माणूस मारला असता. पण आधी माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. एका खोलीत निजत होतो आपण.

एवढंच. सही करायला हात धरू का विचारलं तर नको म्हणाले.

शालिनी


डिचोली, २७ फेब्रुवारी १९८७

जयराम,

गाडी माझी होती.

पुढचं आज लिहवत नाही.

गो.


डिचोली, ८ मार्च १९८७

जयराम,

शालिनी, हे सगळं वाच. मध्ये काही गाळू नकोस, तुझे वडील माझ्याविषयी जे समजतात त्यापेक्षा वाईट असलं तरी.

आधी पंच्याऐंशी सालचं. मार्च महिना होता. जेवण झाल्यावर तू म्हणालास, डाव्या बाजूला धुकं दिसतं, हंगाम संपेपर्यंत कुणाला बोलू नकोस. मी "बरं" म्हटलं आणि सकाळी पहिली खेप भरायच्या आधी पात्रांवकडे गेलो. स्वतःला सांगत होतो, रस्त्याला शाळा आहे, उद्या काही झालं तर? ते खरंच होतं. पण नवा टिपर तुला मिळणार होता, तू सीनियर म्हणून, आणि तो मला हवा होता. तेही खरं. यातलं किती कुठलं ते मला अजून तोडून सांगता येत नाही. नवा टिपर मला मिळाला. त्याच गाडीने ताराला लागलं.

अजून एक आहे, ते तुलाही ठाऊक नाही. पात्रांव म्हणाला, नंबर वाचायला लावतो. मी म्हटलं, तो वाचेल, कुठली गाडी कुठे उभी असते ते त्याला पाठ आहे, आधी गाड्यांच्या जागा बदला. म्हणून तू सहाच्या सहा नंबर धडाधड म्हटलेस आणि सगळे चुकले. माणसं हसली. मी तोंड फिरवून उभा होतो असं तुला लिहिलं होतं. ते हसताना तू माझ्याकडे बघू नयेस म्हणून.

आता तीस जानेवारी. मला दिवाळीपासूनच नीट दिसत नव्हतं. मी रस्ता पाठ करून चालवत होतो, तू चालवत होतास तसाच. धूळ आली तेव्हा वेग कमी करायला हवा होता. आवाज झाला, आरसा आत आला, आणि बाईची किंकाळी ऐकू आली. ऐकू आली, जयराम. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि काढला. धक्क्यावर जाऊन माती ओतली, आरसा सरळ केला, त्याच्यावर चिकटलेला भाताचा कण फडक्याने पुसला. मग दुसरी खेप केली.

शालिनीचं पत्र आलं आणि तीन दिवस मी गाडी काढली नाही, ताप आहे म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी पात्रांवकडे गेलो. ऐकून त्याने आधी दार लावलं. म्हणाला, "गोकुळदासबाब, गप्प राहा. बाई जिवंत आहे, केस मिटेल. गौरेश जवान आहे, त्याला दुसरी गाडी मिळेल. या वयात तुम्ही कोठडीत बसणार?" मी म्हटलं, "त्याचं लायसन गेलं तर त्याला दुसरी गाडी कोण देईल?" तो म्हणाला, "तुम्ही उद्यापासून येऊ नका. पण तिकडेही जाऊ नका." मी बाहेर आलो. अंगणात गौरेश बसलेला, सवयीने उठून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "चल माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला." वाटेत त्याला सांगितलं. ऐकून तो पाच-सहा पावलं माझ्या पुढे चालायला लागला आणि शेवटपर्यंत पुढेच चालला.

पोलिसांनी जबाब घेतला, लायसन घेतलं, आरसा बघायला गाडीकडे नेलं. गौरेशची गाडी चार दिवसांनी सुटली. तो मला अजून भेटलेला नाही.

नंतर मी ताराकडे गेलो. खाणीमागच्या खोल्यांत राहतात. नवऱ्याने दारातच अडवलं, पण ती आतून म्हणाली, येऊ दे. हात प्लॅस्टरमध्ये होता. वय पस्तीसच्या आसपास. मी म्हटलं, "बाय, गाडी माझी होती. मला नीट दिसत नाही." ती म्हणाली, "मगे थांबलंस कित्या नाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, झाडाची फांदी लागली असं वाटलं.

ती म्हणाली, "फांदी आराडता?"

जयराम, मला तेव्हा खाली बसावं लागलं. तिच्या नवऱ्याने पाणी दिलं. ज्याला बाहेर काढायला तो उठला होता, त्यालाच पाणी द्यावं लागलं त्याला.

गोकुळदास


पालये, १९ एप्रिल १९८७

शालिनी,

पंधरा दिवसांपूर्वी मी तुमच्याकडे येऊन गेलो त्याबद्दल तुला वाईट वाटलं, ते तुझ्या तोंडावर दिसलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. किरणपाण्याच्या धक्क्यावर होडीत बसलो तेव्हाच मला कळत होतं की तो बाहेर येणार नाही. आतूनच त्याने विचारलं, "त्या बायचो हात कसो आसा?" मी सांगितलं, प्लॅस्टर काढलं, पण कोपर वाकत नाही. त्यावर तो म्हणाला, "मगे हय कित्या इलंस?"

बरोबर विचारलं. परतीच्या होडीत तेच मनात घोळत होतं, की इथे कशाला आलो.

म्हणून आता असं ठरवलं आहे. दर बुधवारी ताराला म्हापशाच्या हॉस्पिटलात कोपर वाकवायचे व्यायाम द्यायला बोलावलं आहे. नवऱ्याला खाडा परवडत नाही आणि तिला एकटीला बसमध्ये धरता येत नाही. मी नेतो. पहिल्या बुधवारी ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढच्या सीटवर बसली. आत डॉक्टर हात वाकवतात तेव्हा ती ओरडते आणि मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकतो. उठून लांब जावंसं वाटतं. जात नाही.

त्याच हॉस्पिटलात माझेही डोळे दाखवले. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. पावसाळ्यानंतर काढता येईल, पुन्हा चांगलं दिसेल म्हणतात. हे बाबांना कसं सांगायचं, किंवा सांगायचं का, ते तू ठरव. मला लाज वाटते.

गोकुळदासकाका


पालये, ७ जून १९८७

जयराम,

कोर्टात बोलायची मनाई होती म्हणून आज लिहितो.

गोव्याचं राज्य झालं त्याला आठवडा झाला. डिचोलीच्या बाजारात पताका अजून तशाच होत्या. शुक्रवारी सकाळी मी कोर्टात गेलो तेव्हा पद्मावती बरोबर येते म्हणत होती, मीच नको म्हटलं. वकील दिला नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हटलं, "कबूल." त्यांनी दोनदा विचारलं, माझ्या वयाकडे बघून असेल. ताराला पुढे बोलावलं. तिने हात वर करून दाखवला, जेवढा होतो तेवढा. तिला विचारलं, काही सांगायचं आहे? ती म्हणाली, "ह्यांनी आपणहून सांगितल्यानी. पण उशिरान." साहेबांनी ते लिहून घेतलं.

लायसन कायमचं रद्द. दंड. आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. मला आधी कळेना, शिपायाने समजावलं, साहेब उठून जाईपर्यंत या बाकावरून हलायचं नाही. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मी बसलो. दुसऱ्यांच्या केसी चालल्या होत्या, कुणाची जमीन, कुणाची मारामारी. तारा जायला निघाली. दारात थांबून मला म्हणाली, "बुधवारी सातची बस," आणि गेली.

मग एक वाजला असेल. दारात कुणीतरी दोघं उभी होती, मला नीट दिसेना. उजेड मागून होता. बाईने पुरुषाचा दंड धरलेला होता आणि ती त्याला बाकांच्या मधून आणत होती. तू माझ्या शेजारी बसेपर्यंत मला ओळखता आलं नाही. ओळखलं ते खोकल्यावरून. होडी आणि दोन बसा करून तू आलास. मी तुझं नाव घेतलं आणि शिपायाने बोटाने गप्प केलं.

मग आपण बसून होतो, चार तास. शालिनीने पिशवीतून पाव काढून दोघांच्या हातात दिले, शिपायाने बघून न बघितल्यासारखं केलं. तू माझ्याकडे तोंड केलं नाहीस. मला वाटत होतं, तुला सांगावं की माझे डोळे बरे होणार आहेत आणि तुझे नाहीत, आणि हे बरोबर नाही. सांगावं की पहाटे अजून पाचला जाग येते आणि हात चावी शोधतात. सांगावं की बुधवारी ताराचं कोपर बोटभर जास्त वाकलं आणि ती पहिल्यांदा माझ्या शेजारच्या सीटवर बसली. यातलं काही बोलता आलं नाही. तू तिथे आहेस एवढं मात्र कोर्ट उठेपर्यंत कळत होतं, कारण तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि तू तो बाजूला घेतला नाहीस.

पाचला साहेब उठले, सगळे उठले. शालिनी तुला घेऊन पुढे निघाली, तुमची होडी चुकली असती. मी मागे राहिलो, कागदावर सही करायची होती. दारातून बाहेर पडताना तू तिला हळू विचारलंस ते मला ऐकू आलं, "ह्येका बस गावतली मां?"

गावली. म्हापशापर्यंत उभा होतो. पुढे बसायला मिळालं.

गोकुळदास